काळी काच आणि न दिसणारे ऊन : गॉगलच्या इतिहासाचा एक दीर्घ धागा

१.
अहमदपूर आणि परिसरातील खेड्यांत काळा चष्मा दोन प्रकारच्या माणसांच्या डोळ्यांवर हमखास दिसतो. लग्नाच्या दिवशी घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघालेल्या नवरदेवाच्या, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून गावी परतलेल्या आजोबांच्या किंवा आजीच्या. पहिला चष्मा ऐटीचा, दुसरा डॉक्टरांनी दिलेला. या दोघांच्या मधे असलेल्या माणसांच्या, म्हणजे सोयाबीन खुरपणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या आणि रस्त्याच्या कामावर खडी पसरणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवर मात्र काहीच नसते. सर्वांत जास्त ऊन ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्यापर्यंतच ही काच का पोहोचली नाही, हे समजून घ्यायचे तर तिचा इतिहास पाहावा लागतो.

२.
आरंभ शब्दापासून करू. इंग्रजीत ‘गॉगल’ या शब्दाचा मूळ अर्थ डोळे वटारणे, डोळे फिरवणे असा. अठराव्या शतकाच्या आरंभी तो डोळ्यांवरच्या संरक्षक आवरणाला लागू झाला आणि आजही इंग्रजीत गॉगल म्हणजे वेल्डर, पोहणारा किंवा मोटारसायकलस्वार यांचे डोळे वाचवणारे साधन. मराठीने हाच शब्द उचलला आणि तो उन्हाच्या काळ्या चष्म्याला दिला. मराठी नाव संरक्षणाच्या साधनाचे आहे, वापर मात्र रुबाबाचा. या शब्दात एक विसरलेली गोष्ट दडलेली आहे : ही वस्तू प्रथम कष्टकऱ्याच्या डोळ्यांसाठी होती.

३.
काळ्या काचेच्या संपूर्ण इतिहासात एक गैरसमज सारखा डोकावतो. काच जितकी काळी, तितका डोळा सुरक्षित, असा तो समज. वस्तुतः डोळ्यांपुढचा झगमगाट कमी होणे ही एक गोष्ट आणि डोळ्यांना होणारी इजा टळणे ही दुसरी. झगमगाट दिसतो, म्हणून त्यावरचा उपाय माणसाला फार लवकर सुचला. इजा करणारे किरण दिसत नाहीत, म्हणून त्यांचा शोध लागायला एकोणिसावे शतक उजाडले आणि त्यांना अडवणारी काच तयार व्हायला विसावे. आजही बाजारात गॉगल निवडताना गिऱ्हाईक बहुधा पहिलीच गोष्ट तपासते, दुसरी नाही.

४.
प्राचीन रोमपासून पाहू. पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी याने नोंदवले आहे की, सम्राट नीरो तलवारबाजांच्या झुंजी एका हिरव्या रत्नातून पाहत असे. या नोंदीवर अभ्यासकांचे एकमत नाही. ते रत्न डोळ्यांपुढे धरलेले होते की त्याच्या गुळगुळीत पृष्ठावर रिंगणाचे प्रतिबिंब पाहिले जाई, हे मूळ मजकुरावरून ठरत नाही. नीरोला जगातील पहिला गॉगल घालणारा म्हणणे हे उत्साही लेखकांचे काम आहे. तरीही हिरव्या रंगाने डोळ्यांना विसावा मिळतो ही समजूत किती जुनी आहे, एवढे त्यातून निश्चित कळते.

५.
डोळ्यांचे खरोखर रक्षण करणारे आरंभीचे साधन काचेचे नव्हतेच. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इन्युइट लोक हाड, हस्तिदंत किंवा लाकूड कोरून डोळ्यांवर बसणारी पट्टी तयार करीत आणि तिला फक्त एक बारीक आडवी फट ठेवीत. बर्फावरून उसळणाऱ्या उन्हाने डोळे काही काळ आंधळे होतात, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. फट बारीक असल्यामुळे दिसणारा प्रकाश आणि न दिसणारे किरण दोन्ही एकाच प्रमाणात कमी होत. चेहऱ्याला घट्ट बसत असल्यामुळे बाजूनेही ऊन शिरत नसे. या साध्या पट्टीत जी अक्कल होती, ती पुढच्या कित्येक देखण्या चष्म्यांत हरवली.

६.
चीनमध्ये बाराव्या शतकाच्या सुमारास धुरकट स्फटिकाच्या चकत्या डोळ्यांवर लावल्या जात. न्यायाधीश त्यांचा उपयोग करीत, असे सांगितले जाते. साक्षीदार बोलत असताना न्यायाधीशाच्या डोळ्यांतील भाव दिसू नयेत, हा त्यामागचा हेतू. येथे उन्हाचा संबंध जवळजवळ नाही. डोळे झाकले की माणसाचा अंदाज लागत नाही आणि ज्याचा अंदाज लागत नाही त्याचा दबदबा वाटतो, ही जाणीव मात्र आहे. आजच्या गॉगलमधील रुबाबाचा उगम हॉलिवूडच्या आधी कित्येक शतके या जाणिवेत सापडतो.

७.
दख्खनमध्ये चष्मा आला तो वाचनासाठी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४७ मध्ये भारतातील चष्म्याच्या इतिहासावर लेखन केले. विजयनगरच्या दरबारातील मध्व यती व्यासतीर्थ यांच्या चरित्रकाव्यात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, चष्मा लावून ग्रंथ वाचण्याचा उल्लेख येतो, तो या इतिहासातील महत्त्वाचा पुरावा. मराठीने या वस्तूला ‘चाळिशी’ हे घरगुती नाव दिले, कारण ती वयाच्या चाळिशीत लागते. मोल्सवर्थच्या शब्दकोशात हा शब्द आहे. ‘चष्मा’ हा फार्सीतून आलेला. ‘चश्म’ म्हणजे डोळा. या दोन्ही नावांत ऊन कुठेच नाही. उन्हाच्या चष्म्यासाठी मराठीला तिसरा, परका शब्द घ्यावा लागला.

८.
रंगीत काचेचा चष्मा ठरवून विकण्याचा मान लंडनच्या जेम्स आयस्कफ या भिंगकाराकडे जातो. १७५२ च्या सुमारास त्याने निळ्या आणि हिरव्या छटेच्या काचांचा पुरस्कार केला. त्याचे म्हणणे असे की, पांढऱ्या काचेतून येणारा प्रकाश डोळ्यांना खुपतो. सूर्यापासून बचाव हा त्याचा विषय नव्हता. कमजोर दृष्टीला आराम मिळावा, एवढेच त्याला अपेक्षित होते. पुढे युरोपात निळा चष्मा आजारी डोळ्यांची खूण बनला. डोळ्यांच्या आजारासाठी रंगीत काच, ही परंपरा तेव्हापासूनची.

९.
१८०१ साली जर्मन शास्त्रज्ञ योहान विल्हेल्म रिटर याने सूर्यप्रकाशाचा सप्तरंगी पट्टा चांदीच्या क्षारावर पाडून पाहिला. प्रकाशाने हा क्षार काळा पडतो. तो सर्वांत जास्त काळा पडला जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. हेच अतिनील किरण. उन्हाचा एक भाग माणसाला दिसतच नाही, आणि तोच रासायनिक दृष्ट्या अधिक तिखट आहे, हे या प्रयोगाने उघड केले. मात्र ही गोष्ट चष्म्याच्या दुकानापर्यंत पोहोचायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली.

१०.
ती पोहोचली मजुरांच्या डोळ्यांमुळे. काचकारखान्यांत भट्टीपुढे काम करणाऱ्या कामगारांना ऐन उमेदीत मोतीबिंदू होत असे. लंडनच्या रॉयल सोसायटीने या प्रश्नाचा अभ्यास हाती घेतला आणि सर विल्यम क्रुक्स यांनी काचेत निरनिराळ्या धातूंचे क्षार मिसळून असंख्य नमुने तयार केले. त्यांचे निष्कर्ष १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सिरियमसारखे घटक मिसळलेली काच भट्टीची उष्णता किंवा अतिनील किरण अडवू शकते आणि तरी ती फार काळी असण्याची गरज नसते, हे त्यातून स्पष्ट झाले. काळेपणा आणि संरक्षण यांची फारकत येथे प्रयोगाने सिद्ध झाली. काळ्या काचेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि तो कोण्या नटासाठी नसून भट्टीपुढच्या मजुरासाठी गाठला गेला होता.

११.
न दिसणारा प्रकाश डोळ्यांना काय करतो, हे अहमदपूरच्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात विचारता येईल. नवशिका मुलगा उघड्या डोळ्यांनी ठिणगीकडे पाहतो, तेव्हा त्याला काही वाटत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे टोचू लागते, पाणी वाहते, दिवाही सहन होत नाही. डोळ्यांच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला अतिनील किरणांनी भाजल्याची ही लक्षणे आहेत. बर्फावरच्या इन्युइट शिकाऱ्याला होणारा त्रास हाच. शेतातल्या उन्हात ही मात्रा कमी असते, म्हणून रात्री डोळे टोचत नाहीत. पण ती रोज मिळते, आणि हिशेब तीस-चाळीस वर्षांनी होतो.

१२.
क्रुक्स यांच्या काचेनंतर पंधरा वर्षांतच गॉगल मजुराच्या हातून सुटला. १९२९ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर सॅम फॉस्टर याने सेल्युलॉइडचे स्वस्त रंगीत चष्मे विकायला सुरुवात केली. सहलीला आलेली माणसे ते हौसेने घेऊ लागली. १९३७ मध्ये बॉश अँड लॉम्ब या कंपनीने वैमानिकांसाठी तयार केलेला चष्मा ‘रे-बॅन’ या नावाने सामान्य ग्राहकांपुढे आणला. किरणांना बंदी, असा त्या नावाचाच अर्थ. पाण्याच्या थेंबासारखा त्याचा आकार खाली झुकलेला होता, कारण वैमानिकाला सतत खालच्या यंत्रफलकाकडे पाहावे लागे. आज लातूरच्या दुकानात ‘एव्हिएटर’ मागणाऱ्या तरुणाला मिळतो तो हाच आकार.

१३.
त्याच दशकात एडविन लँड या अमेरिकी संशोधकाने ध्रुवीकरण करणारा पातळ पडदा चष्म्यात बसवला. रस्ता, पाणी, मोटारीची काच अशा सपाट पृष्ठांवरून उसळणारा प्रकाश बहुतांशी एकाच दिशेने कंप पावतो. हा पडदा नेमका तोच अडवतो. ‘पोलराइज्ड’ गॉगलने दुपारचा डांबरी रस्ता एकाएकी निवळतो तो यामुळे. मात्र ही करामत झगमगाटाची आहे. अतिनील किरण अडवण्याची सोय काचेत स्वतंत्रपणे करावी लागते. ‘पोलराइज्ड’ एवढाच शब्द लिहिलेला असेल, तर निम्मीच माहिती मिळाली असे समजावे.

१४.
आता आजोबांच्या काळ्या चष्म्याकडे वळू. १५ ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटिश वैमानिक गॉर्डन क्लीव्हर घाईत संरक्षक गॉगल न घालताच विमान घेऊन निघाला. शत्रूच्या गोळीबारात त्याच्या विमानाचे प्लास्टिकचे छत फुटले आणि त्याचे कण डोळ्यांत शिरले. नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आले की, अशा वैमानिकांच्या डोळ्यांत हे प्लास्टिक वर्षानुवर्षे काही त्रास न देता राहते. त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग करून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ते पहिल्यांदा बसवले. आज खेड्यापाड्यांत ‘भिंग टाकून आलो’ असे जे म्हटले जाते, त्याचा उगम एका विसरलेल्या गॉगलमध्ये आहे.

१५.
भारतात हे भिंग सर्वसामान्यांपर्यंत पोहोचायला बराच काळ गेला. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हाच्या शिबिरांत डोळ्यातील पिकलेले भिंग काढून टाकीत आणि त्या जागी जाड काचेचा चष्मा देत. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यांपैकी एक. कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत याच काळात ग्रामीण भागात रुळली. लातूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर उदगीरचे लायन्स नेत्र रुग्णालय हे या कामाचे परिचित ठिकाण. आणि रेणापूर तालुक्यातील माकेगावात जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात राहून राज्यभर नेत्रशिबिरे घेत राहिले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१६.
शस्त्रक्रियेनंतर काळा चष्मा का देतात? माणसाच्या डोळ्यातील नैसर्गिक भिंग हेच अतिनील किरणांचे मोठे गाळण असते. जुन्या पद्धतीत ते काढून टाकल्यावर हे किरण थेट दृष्टिपटलापर्यंत जात, उजेड निळसर आणि असह्य वाटे. त्या डोळ्यांसाठी गडद काच ही गरज होती. आता बसवण्यात येणाऱ्या कृत्रिम भिंगांत बहुधा अतिनील किरण अडवणारा घटक असतो. तरी औषधाने विस्फारलेली बाहुली, धूळ आणि नकळत डोळे चोळणारा हात, यांपासून पहिले काही दिवस चष्मा आडोसा देतो. यातील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या डोळ्यांनी चाळीस वर्षे उन्हात काम केले, त्यांना पहिला काळा चष्मा मिळतो तो भिंग निकामी होऊन काढून टाकल्यानंतर.

१७.
तरुणपणी तो का मिळत नाही? पैसा हे एक कारण, पण एकमेव नाही. स्वस्त गॉगल यात्रेत आणि बसस्थानकापुढे सहज मिळतात. खरी अडचण अर्थाची आहे. गेल्या शतकात काळा चष्मा सिनेमाच्या नायकाचा, मोटारीतल्या साहेबाचा आणि पुढाऱ्याचा झाला. बाळासाहेब ठाकरे किंवा तमिळनाडूचे करुणानिधी यांची प्रतिमा काळ्या चष्म्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. करुणानिधींच्या चष्म्यामागे डोळ्याला झालेल्या इजेचे कारण होते, पण लोकांना दिसला तो रुबाब. अशा वस्तूला खुरपे हातात घेतलेल्या बाईने हात लावला, तर बांधावरून टोमणा यायला वेळ लागत नाही. वस्तू कष्टकऱ्यासाठी निर्माण झाली, आणि अर्थ बदलल्यामुळे त्याच्यासाठीच ती लाजेची ठरली.

१८.
उन्हाचा आणि मोतीबिंदूचा संबंध केवळ तर्काचा नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील चेसापीक उपसागरात मासे आणि खेकडे पकडणाऱ्या ८३८ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आयुष्यभरात किती ऊन सोसले, टोपी किंवा चष्मा वापरला का, याचा हिशेब मांडण्यात आला. अतिनील किरणांची मात्रा दुप्पट झाली की एका विशिष्ट प्रकारच्या मोतीबिंदूची शक्यता सुमारे १.६ पट वाढते, असे त्यात आढळले. वय, मधुमेह, तंबाखू ही कारणेही मोठी आहेत. ऊन हे त्यांपैकी एक. पण वय थांबवता येत नाही, ऊन मात्र अडवता येते. शिवाय नाकाच्या बाजूने बुबुळावर चढणारा मांसल पडदा हा तर उन्हातान्हात राबणाऱ्यांचाच विकार आहे.

१९.
अहमदपूर बालाघाटाच्या पठारावर, विषुववृत्ताच्या उत्तरेस पावणेएकोणीस अंशांच्या आसपास आहे. १९५६ पर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत गेला, १९८२ पासून लातुरात आहे. जिल्हा बदलला, ऊन तेच राहिले. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येथे सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. या उन्हासाठी मराठवाड्याने रुमाल, पटका, फेटा आणि टोपी वापरली. त्यांनी डोके वाचवले. पण फेट्याला किंवा गांधी टोपीला पुढे आलेली कड नसते, त्यामुळे डोळ्यांवर सावली पडत नाही. पदर कपाळापुढे ओढून काम करणाऱ्या बायकांनी मात्र स्वतःपुरती ती कड तयार केली होती.

२०.
सूर्य डोक्यावर असताना भुवईचे हाड डोळ्यांना थोडा आडोसा देते. सकाळी आणि दुपार कलल्यावर ऊन तिरपे येते, तेव्हा ते सरळ डोळ्यांत शिरते. त्यातही बाजूने येणारा किरण बुबुळाच्या गोलाईवर वाकतो आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतो. मांसल पडदा बहुधा तिथूनच का वाढतो, त्याचे एक स्पष्टीकरण हे आहे. म्हणून चष्म्याच्या काचेइतकेच महत्त्व त्याच्या बसण्याला आहे. नाकावर घसरलेला, काड्यांपाशी मोकळा असलेला महागडा गॉगल समोरचे ऊन अडवतो आणि बाजूचे आत घेतो. रुंद कडेची टोपी डोळ्यांवरील अतिनील किरण सुमारे निम्म्याने कमी करू शकते. टोपी आणि चष्मा ही जोडी एकट्या चष्म्यापेक्षा नेहमीच सरस.

२१.
काळोख म्हणजे संरक्षण, या समजाची मोठी परीक्षा सूर्यग्रहणात होते. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाची खग्रास पट्टी कर्नाटक-आंध्रातून गेली. मराठवाड्यात ते खंडग्रास होते. काच दिव्यावर धरून काजळी चढवायची किंवा क्ष-किरणांची जुनी फिल्म डोळ्यांपुढे धरायची, हे तेव्हाचे घरगुती उपाय. त्यांतून सूर्य सौम्य दिसतो, पण डोळ्यांना भाजणारे अवरक्त किरण पार जाऊ शकतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना जाणीवही होत नाही. कोणताही गॉगल, कितीही काळा आणि कितीही महाग असो, सूर्याकडे पाहण्यासाठी नसतो.

२२.
साध्या गॉगलमध्येही हाच धोका सौम्य रूपात असतो. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि माणूस डोळे बारीक करणे सोडून देतो. हे दोन्ही देहाचे स्वतःचे बचाव आहेत. काच गडद असेल पण अतिनील किरण अडवत नसेल, तर बचाव सैल होतो आणि किरण आत येत राहतात. ऑस्ट्रेलियाने १९७१ मध्ये गॉगलसाठी राष्ट्रीय मानक लागू केले, तेव्हापासून ‘हा चष्मा काय अडवतो’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारण्याची रीत हळूहळू जगभर पसरली. ती रीत गावच्या बाजारातही यायला हवी.

२३.
तर निवड करताना काय पाहावे? प्रथम ‘यूव्ही ४००’ ही नोंद : ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडतात, असा तिचा अर्थ. लेबल कोणीही छापू शकते, म्हणून चष्म्याच्या चांगल्या दुकानात काच तपासण्याचे छोटे यंत्र असते, त्यावर दोन मिनिटांत खात्री करून घ्यावी. दुसरी नोंद गडदपणाच्या श्रेणीची. ० ते ४ अशी ती असते. श्रेणी ३ ची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते आणि आपल्याकडच्या उन्हाला ती पुरेशी आहे. श्रेणी ४ त्याहून गडद. ती घालून वाहन चालवू नये. संध्याकाळनंतर तर कोणताच गॉगल घालून गाडीवर बसू नये.

२४.
काचेचा पदार्थ पाहावा. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक मुळातच अतिनील किरण अडवते आणि सहसा फुटत नाही. ऊसतोडीत, मळणी यंत्रापाशी किंवा दुचाकीवर तेच योग्य. म्हणून काही स्वस्त गॉगलही चांगले निघतात आणि काही महाग गॉगल फक्त नावाचे असतात. किंमत हा पुरावा नव्हे. रंगांपैकी करडा सर्वांत तटस्थ, तपकिरी आणि हिरवट हेही चांगले. निळा, लाल, जांभळा हे रंग हौसेपुरते; त्यांत सिग्नलचे दिवे ओळखताना घोळ होऊ शकतो. चष्मा हातभर अंतरावर धरून दाराच्या चौकटीची उभी रेघ पाहावी आणि चष्मा सावकाश हलवावा. रेघ लाटेसारखी वाकली तर काच सदोष; तिने डोके दुखेल. पोलराइज्ड काच मोबाइलच्या पडद्यापुढे फिरवून पाहावी. एका कोनात बहुतेक पडदे काळवंडतात.

२५.
दिसण्याचे काय? ही हौस क्षुल्लक नाही; जो चष्मा आवडतो तोच रोज वापरला जातो. सुदैवाने फॅशनच्या इतिहासात सुरक्षित आकारांची वाण नाही. १९५२ मध्ये आलेली वेफेरर ही जाड फ्रेम, आणि १९६०-७० च्या दशकांत जॅकलिन केनेडी-ओनासिस यांनी प्रसिद्ध केलेले मोठ्या काचांचे गॉगल भुवईपासून गालापर्यंतचा भाग झाकतात. नाकाच्या टोकावर बसणारे लहान गोल चष्मे छायाचित्रात शोभतात, उन्हात कमी पडतात. गोल चेहऱ्याला कोनदार फ्रेम आणि चौकोनी चेहऱ्याला किंचित गोलाकार फ्रेम खुलते, हा दुकानदारांचा जुना ठोकताळा वापरायला हरकत नाही. फक्त फ्रेम भुवईला भिडलेली आणि काड्या कानाशी घट्ट असाव्यात. लहान मुलांच्या डोळ्यातील भिंग अधिक नितळ असते, त्यांतून जास्त किरण आत जातात. त्यांना खेळण्यातला काळा गॉगल देणे सर्वांत वाईट.

२६.
नीरोचे रत्न, चिनी न्यायाधीशाचा स्फटिक, नवरदेवाचा गॉगल हा इतिहासाचा एक प्रवाह. इन्युइट शिकाऱ्याची पट्टी, क्रुक्स यांची काच, शिबिरातला काळा चष्मा हा दुसरा. पहिल्या प्रवाहाला प्रसिद्धी मिळाली, दुसऱ्याने डोळे वाचवले. अहमदपूरच्या शिवारात सोयाबीनच्या काढणीला उतरणाऱ्या माणसासाठी हे दोन्ही प्रवाह एकत्र येणे आज अशक्य नाही. पॉलिकार्बोनेटचा साधा, घट्ट बसणारा चष्मा आणि कडेची टोपी एवढेच साहित्य त्याला लागते. मधे उभा आहे तो फक्त ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न. पायांत चप्पल घालून शेतात जाणे ही ऐट आहे, असे आता कोणी म्हणत नाही. डोळ्यांवरच्या काचेलाही तोच न्याय मिळाला, तर काही आजोबांना तो शिबिरातला पहिला काळा चष्मा बराच उशिरा लागेल.

(धागा समाप्त)